खळ, फणी आणि रक्ताचा थेंब

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



आकाशवाणीतून निरोप आला तेव्हा त्यात एक अट होती. या वेळी कविता नको, दुसऱ्या कशावर तरी बोला. मी बी.ए. झालेला माणूस. विज्ञानाचा आणि माझा संबंध दहावीनंतर सुटला, आणि सुटला तेव्हा दोघांनाही बरं वाटलं असावं. तरीही आज मी रक्तातल्या प्रथिनांबद्दल बोलणार आहे. ती एकमेकांपासून वेगळी कशी करतात आणि हे काम आता बोटाएवढ्या तुकड्यावर कसं होतं, याबद्दल. माझ्यासारख्यानं या भानगडीत का पडावं, ते पुढं कळेलच. सुरुवात मात्र घरापासून करतो.

माझे अब्बा कामठीला हातमागावर लुगडी विणत. ताण्याच्या सुताला खळ दिल्याशिवाय ते मागावर टिकत नाही, फणीत घासून तुटतं. ही खळ अम्मी रांधायची. मोठ्या पातेल्यात तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, चुलीवर ठेवायचं आणि लाकडी दांड्यानं ढवळत राहायचं. पांढरं पाणी हळूहळू दाट व्हायचं, मग धुरकट काचेसारखं. सगळी खळ काही सुताला लागत नसे. तळाशी उरलेली निवली की थिजायची. पातेलं उलटं केलं तरी पडायची नाही. मी तिच्यात बोट खुपसायचो आणि अम्मी ओरडायची, ‘हात मत लगा, बरतन मुझे घिसना है!’ भोकाच्या कडा तशाच उभ्या राहायच्या. पाणी असूनही वाहत नाही, घट्ट असूनही दगड नाही, असं ते काहीतरी होतं. ते थिजणं लक्षात ठेवा. आपल्याला पुन्हा तिकडं यायचं आहे.

दुसरी गोष्ट २०११ सालची. माझा पहिला कवितासंग्रह ज्यांनी हातानं जुळवला, ते आमचे खिळेजुळारी मित्र. शिशाचे खिळे गेले, संगणक आला, तरी मी त्यांना भाऊ म्हणतो आणि ते मला शायर म्हणतात. त्यांच्या मुलीचं लग्न ठरत आलं होतं. सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. त्याच सुमारास तिच्या कॉलेजात रक्ततपासणीचं शिबिर झालं आणि तिच्या हातात एक चिठ्ठी आली: सिकलसेल पॉझिटिव्ह. पुढच्या तपासणीसाठी नमुना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवला आहे, अहवाल आल्यावर कळवू.

अहवाल यायला बावीस दिवस लागले.

विदर्भातल्या श्रोत्यांना सिकलसेल म्हणजे काय ते सांगायला नको. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, आणि तिकडं वर नंदुरबार, इथल्या कितीतरी घरांना हा शब्द शाळेत न जाता पाठ झाला आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. रक्तातल्या तांबड्या पेशी एरवी गोल आणि लवचिक असतात. या आजारात प्राणवायू कमी पडला की त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि माणूस वेदनेनं कळवळतो. पेशी लवकर मरतात, रक्त कमी पडतं. भारतात हा दोष प्रथम १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये नोंदला गेला. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातली त्याची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये छापली.

आता महत्त्वाची गोष्ट. हा दोष आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून आला तर मूल आजारी. एकाच बाजूनं आला तर तो माणूस नुसता वाहक. वाहक सहसा धडधाकट असतो, शेतात राबतो, म्हातारा होतो. त्याला कळतही नाही. आजारी माणसाच्या रक्ताला कागदोपत्री ‘एस एस’ म्हणतात, वाहकाच्या रक्ताला ‘ए एस’, आणि ज्याच्याकडे दोष नाही त्याच्या रक्ताला ‘ए ए’. दोन वाहकांचं लग्न झालं, तर प्रत्येक मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. एक वाहक आणि दुसरा ‘ए ए’ असेल, तर आजारी मूल जन्मण्याची भीती नाही.

म्हणजे सगळा प्रश्न त्या दोन अक्षरांचा. आणि शिबिरातली ती पहिली तपासणी नेमकी तीच दोन अक्षरं सांगत नाही. तिला सोल्युबिलिटी टेस्ट म्हणतात. रक्ताचा थेंब एका द्रावणात टाकायचा, नळीमागं काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर ठीक, द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. स्वस्त आणि सोपी चाचणी आहे, तिला मी नावं ठेवत नाही. हजारो लोकांतून थोडे बाजूला काढायला ती फार उपयोगी आहे. पण गढूळपणा वाहकाच्या रक्तातही येतो आणि आजारी माणसाच्या रक्तातही. त्या दोघांत फरक करायचा तर रक्तातलं प्रथिन वेगळं करून पाहावं लागतं. बावीस दिवस गेले ते त्यासाठी. खरं तर वेगळं करायला नव्हेच, त्यासाठी दुपारभर पुरते. ते गेले नमुना जाण्यात, साचण्यात आणि कागद परत येण्यात.

बावीस दिवसांत भाऊंच्या घरी काय झालं असेल, ते श्रोत्यांनी ओळखलं असेल. मुलाकडच्यांनी ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द ऐकला आणि तिथंच थांबले. अहवाल आला तेव्हा त्यात ‘ए एस’ होतं. मुलगी वाहक, तब्येत ठणठणीत. तो कागद घेऊन भाऊ गेले, तर दार उघडलं, चहा झाला, आणि सांगण्यात आलं की आम्ही दुसरीकडे शब्द दिला. मला राहून राहून जे खटकलं ते वेगळंच आहे. त्या मुलाचं रक्त कुणी तपासलंच नाही. मुलगी दोषी ठरली ती कागदावरून, आणि मुलगा निर्दोष ठरला तो कागद नसल्यामुळं.

तेव्हा मी चिडून एका महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापकबाईंकडे गेलो. म्हटलं, ही दोन अक्षरं शोधायला एवढं काय करावं लागतं, ते मला दाखवा. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. पुढं जे सांगतो आहे ते थोडं त्यांच्याकडून ऐकलेलं आणि बरंचसं नंतर वाचलेलं आहे.

रक्ताला लाल रंग देणारं हिमोग्लोबिन हे एक प्रथिन. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ, घडी घालून ठेवलेली. हिमोग्लोबिनात अशा चार माळा असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. अल्फा माळेत १४१ मणी, बीटात १४६. चारही मिळून ५७४. सिकलसेलमध्ये बीटा माळेतला सहावा मणी बदललेला असतो. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. इंग्रम यांनी १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात केंब्रिजमध्ये हे दाखवून दिलं. भाऊंना मी हे सांगितलं तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, ‘म्हणजे एकशे सेहेचाळीस खिळ्यांत एक खिळा चुकीचा. आम्ही तर एका पानात चार चुका सोडायचो.’

हा एक चुकीचा खिळा शोधायचा कसा? डोळ्याला दिसत नाही, वजनात फरक नगण्य. पण एक गोष्ट बदलते. ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो, व्हॅलिनवर नसतो. माळा दोन, म्हणून फरक दोन भारांचा. वीज लावली की ऋणभाराच्या वस्तू धन टोकाकडे ओढल्या जातात. ज्याच्यावर भार जास्त तो पुढं, ज्याच्यावर कमी तो मागं. विजेच्या ओढीनं असं वाहून नेण्याला इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. शब्द तोंडात बसायला मला दोन दिवस लागले.

हे तंत्र नीट बसवलं स्वीडनमधल्या उप्सालाच्या आर्ने टिसेलियस यांनी. १९३७ साली त्यांचं उपकरण प्रसिद्ध झालं आणि १९४८ साली त्यांना नोबेल मिळालं. त्या उपकरणात वाळूच्या कणाएवढाही आधार नव्हता. नुसत्या द्रवात प्रथिनं पळायची, आणि त्यांची सरहद्द भिंगांमधून पाहावी लागायची. उपकरण एक खोली अडवायचं.

असंच उपकरण कॅलिफोर्नियात लायनस पाउलिंग यांच्या प्रयोगशाळेत होतं. सिकलसेलचं हिमोग्लोबिनच वेगळं असावं, असा पाउलिंगचा तर्क होता. तो तपासायचं काम हार्वे इटानो या तरुण डॉक्टरकडे आलं. त्याच्याबरोबर सिंगर आणि वेल्स होते. १९४९ साली त्यांचा निबंध ‘सायन्स’मध्ये आला, आणि एखाद्या आजाराचं मूळ एका रेणूत दाखवता येतं हे जगानं पहिल्यांदा पाहिलं. त्यातली एक गंमत मला फार आवडते. द्रावणाची आम्लता ६.९च्या आसपास ठेवली, तर नेहमीचं हिमोग्लोबिन एका टोकाकडे चालू लागतं आणि सिकलसेलचं उलट्या टोकाकडे. आणि वाहकाच्या रक्तात दोन्ही सापडतात, शेजारी शेजारी. ‘ए एस’ ही दोन अक्षरं तिथून आली.

इटानोबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. तो जपानी वंशाचा, पण जन्मानं अमेरिकन. १९४२ साली बर्कलीच्या विद्यापीठात तो सर्वांत हुशार विद्यार्थी ठरला, त्याला पदक जाहीर झालं. पदवीदानाला तो नव्हता. युद्ध चालू होतं, आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना सरकारनं घरातून उचलून छावण्यांत नेऊन ठेवलं होतं. त्यात तोही होता. माणसं वेगळी काढायला ना उपकरण लागलं, ना पुरावा. आडनाव पुरलं. सात वर्षांनी त्याच माणसानं एका मण्याचा फरक असलेली दोन हिमोग्लोबिनं वेगळी करून दाखवली, आणि ती काढताना किती काळजी घेतली ते निबंधात पानोपानी दिसतं.

आता अम्मीच्या पातेल्याकडे.

१९५४ साल. कॅनडातलं टोरांटो. ऑलिव्हर स्मिथीज नावाचा इंग्लंडहून आलेला तरुण शास्त्रज्ञ इन्सुलिनवर काम करत होता. तोवर लोक ओल्या कागदावर प्रथिनं पळवू लागले होते. पण त्याचं इन्सुलिन कागदाला चिकटायचं आणि फराटा उठायचा. जवळच्या एका इस्पितळात त्यानं दुसरी रीत पाहिली. स्टार्चच्या ओल्या कणांचा थर द्यायचा, त्यातून प्रथिनं न्यायची. त्यात इन्सुलिन चिकटत नसे. पण मग त्या थराच्या डझनावारी चकत्या कापायच्या आणि प्रत्येक चकती वेगळी तपासायची. स्मिथीजकडे हाताखाली कुणी नव्हतं. एवढ्या चकत्या तपासणार कोण? आणि त्याला आठवली त्याची आई. यॉर्कशरमधल्या घरी ती वडिलांच्या सदऱ्यांना खळ करायची, आणि उरलेली खळ निवून थिजायची. कण कशाला, स्टार्च शिजवूनच घेऊ. त्याची वडी पडेल. वडी अखंड राहील, कापायला नको. तिच्यावर रंग ओतला की प्रथिनं जिथं असतील तिथं पट्टे उमटतील.

जानेवारी १९५४ मध्ये त्यानं ते करून पाहिलं आणि १९५५ साली निबंध छापला. रक्तद्रवात तोवर पाच-सहा प्रकारची प्रथिनं मोजली जात होती. या वडीत त्याहून कितीतरी अधिक पट्टे दिसले. कारण वडी नुसता आधार नव्हती. ती चाळणी होती. शिजलेल्या स्टार्चच्या धाग्यांच्या जाळ्यातून लहान प्रथिनं सुळकन जातात, मोठी अडखळतात. भार आणि आकार, दोन्हींची परीक्षा एकदम. पुढं त्यानं मित्रमैत्रिणींचं रक्त तपासलं आणि काही जणांचे पट्टे वेगळे दिसले, तेव्हा त्याला वाटलं की पुरुषांचं आणि बायकांचं रक्तच वेगळं असतं. आणखी नमुने आले आणि तो समज कोसळला. फरक होता तो वंशपरंपरेनं आलेल्या एका प्रथिनाचा. या स्मिथीजना २००७ साली नोबेल मिळालं, पण ते जनुकांवरच्या कामासाठी. खळीसाठी नव्हे. माझ्या हातात असतं तर मी खळीसाठी दिलं असतं, आणि अर्धं त्यांच्या आईला.

प्राध्यापकबाईंनी मला जे दाखवलं त्यात स्टार्च नव्हतं. १९५९नंतर त्याच्या जागी पॉलिअ‍ॅक्रिलामाइड नावाचा पारदर्शक पदार्थ आला, जाळीची छिद्रं हवी तेवढी बारीक करता येणारा. तो थिजण्याआधी विषारी असतो, म्हणून मुलांनी हातमोजे घातले होते. दोन काचांच्या फटीत त्यांनी तो ओतला आणि वरून एक वस्तू खोचली. मी विचारलं, ही काय? एक विद्यार्थिनी म्हणाली, ‘सर, ही फणी.’ मी जरा हललो. तिला मागाची फणी माहीत असण्याचं कारण नव्हतं. ही केसांच्या फणीसारखी, रुंद दातांची. जेल थिजलं की फणी उपसायची, दातांच्या जागी खाचा राहतात, त्या खाचांत नमुने भरायचे. नमुन्यात आधी एसडीएस नावाचा साबणी पदार्थ घालून उकळी दिली होती. टूथपेस्ट आणि शांपूला फेस आणतो तोच हा. तो प्रथिनाची घडी उलगडतो आणि सगळ्या माळेला सारखा ऋणभार चोपडतो. मग भाराचा फरक संपतो, उरते फक्त लांबी. लेम्ली यांनी १९७० साली बसवलेली ही रीत जगभरच्या प्रयोगशाळांत अजून चालते. सिकलसेलसाठी मात्र एसडीएस चालत नाही. तिथं लांबी तीच असते आणि भाराचाच फरक शोधायचा असतो. तो साबणानं झाकून कसा चालेल?

वीज सुरू झाली. निळी रेघ खाली सरकू लागली. तासाभरानं जेल काढून निळ्या रंगात टाकलं, आणि नंतर धुतलं तेव्हा पट्टे उमटले. रंगाचं नाव कुमासी. मूळचा लोकरीचा रंग. इंग्रजांनी आफ्रिकेतलं कुमासी शहर घेतलं तेव्हा १८९६च्या सुमारास मँचेस्टरकडच्या एका रंगवाल्यानं हे नाव बाजारात आणलं. ते शहर आजच्या घानात आहे. आणि सिकलसेल त्या मुलखातही घरोघरी माहीत आहे. खळ, फणी, साबण, रंग. विणकराच्या घरातलं निम्मं सामान त्या टेबलावर होतं. फक्त धोटा नव्हता.

घरी येऊन मी भाऊंना सांगितलं की रक्त जेलमधून नेतात. ते म्हणाले, ‘अहो शायर, आधीच बदनामी कमी आहे का!’

आता चिपकडे. त्या दिवशीच्या प्रयोगाला सगळं धरून दुपार गेली. चिपवर हेच काम मिनिटांत होतं. ते कसं, हे मला कळलं तेव्हा झालेला आनंद तुम्हाला द्यायचा आहे.

संगणकाच्या चिपा ज्या रीतीनं कोरतात, त्याच रीतीनं काचेवर बारीक नाल्या कोरता येतील आणि त्यांतून द्रव पळवता येईल, ही कल्पना १९९०च्या सुमारास पुढं आली. स्वित्झर्लंडमध्ये आंद्रेआस मान्झ आणि कॅनडात जेड हॅरिसन यांनी ती प्रत्यक्षात आणली. नाली केसाएवढी, पुष्कळदा त्याहून बारीक. तिच्यात जेल किंवा जेलचं काम करणारं दाट द्रावण भरलेलं.

एवढ्या बारीक नालीत नमुना भरायचा कसा? इथं फणी चालणार नाही. त्यांनी चौक केला. एक लांब रस्ता आणि त्याला आडवा छेदणारा छोटा रस्ता. आधी आडव्या रस्त्यावर वीज लावायची. प्रथिनांची रांग या टोकाकडून त्या टोकाकडे चौक ओलांडून जाऊ लागते. मग आडवी वीज काढायची आणि लांब रस्त्याची लावायची. त्या क्षणी चौकात जे उभे असतील तेवढेच लांब रस्त्याला लागतात, बाकीचे जागीच राहतात. चौकाएवढा नेमका, इवलासा गठ्ठा. सगळे एकाच रेषेवरून एकाच वेळी सुटतात, म्हणून थोड्याच अंतरात वेगळे दिसू लागतात. मोठ्या जेलला हाताचं वितीएवढं अंतर लागतं, इथं काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर पुरतात.

वेगाचं दुसरं कारण उष्णता. मोठ्या जेलला जास्त वीज दिली तर ते तापतं, मधला भाग कडांपेक्षा गरम होतो, आणि पट्टे वाकडे होतात. हसल्यासारखे दिसतात. मुलं त्याला ‘स्माइल’च म्हणतात. केसाएवढ्या नालीतली उष्णता काच लगेच शोषून घेते, त्यामुळं विजेचा जोर कितीतरी वाढवता येतो. म्हणजे बारीकपणा ही केवळ काटकसर नाही. वेग त्यातूनच येतो.

१९९९ साली अ‍ॅजिलेंट कंपनीचं अशा चिपांचं यंत्र बाजारात आलं, आणि थोड्याच काळात प्रथिनांसाठीची चिपही. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी चिप, तिच्यात सोळा खळगे, दहा नमुने, सुमारे अर्ध्या तासात सगळे उरकतात. रंगात टाकणं नाही, धुणं नाही. नालीच्या टोकाशी लेझर असतो आणि प्रथिन समोरून गेलं की त्याला चिकटलेला रंग चमकतो. २००७ साली अमेरिकेत एमी हर आणि सहकाऱ्यांनी चिपवरच्या जेलमधून लाळेचा नमुना नेऊन हिरड्यांच्या आजाराचं एक प्रथिन दहा मिनिटांच्या आत मोजलं. वीस मायक्रोलिटर लाळ पुरली. वीस मायक्रोलिटर म्हणजे अर्ध्या थेंबाहून कमी. पुढं २०१४ साली त्यांच्याच बर्कलीच्या प्रयोगशाळेनं काचेवर जेलचा पातळ थर देऊन त्यात हजारो खळगे केले, आणि एकेका पेशीतली प्रथिनं वेगळी करून पाहिली. एक पेशी!

हे सगळं मोठ्या प्रयोगशाळांचं. माझं लक्ष होतं शिबिरातल्या त्या टेबलाकडे. आणि तिथवर पोचणारी वाट क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातून निघाली. उमुत गुरकान आणि सहकाऱ्यांनी चिपमध्ये जेलऐवजी ओल्या सेल्युलोज अ‍ॅसिटेटची पट्टी बसवली. जुनीच पट्टी, इस्पितळातल्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं वापरलेली, पण मुठीत मावेल अशी केलेली. बोटाला टोचून थेंब घ्यायचा, चिप छोट्या यंत्रात सरकवायची. यंत्र बॅटरीवर चालतं. सुमारे आठ मिनिटांत ए आणि एस वेगवेगळे उभे राहतात आणि पडद्यावर लिहून येतं. हिमोग्लोबिन मुळातच लाल, त्यामुळं पट्टे बघायला लेझर लागत नाही. जबलपूरच्या आदिवासी आरोग्य संशोधन संस्थेनं आपल्याकडच्या रुग्णांवर हे यंत्र तपासून २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि आजारी आणि वाहक ओळखण्यात ते भरवशाचं निघालं.

त्या यंत्राचं नाव गझेल. आता मला राहवत नाही. गझेल म्हणजे हरिण, आणि हा शब्द युरोपला मिळाला तो अरबीतल्या ग़ज़ालवरून. उर्दूत हरणाच्या पाडसाला आजही ग़ज़ाल म्हणतात. कविता नको म्हणालात, पण ती अशी मागच्या दारानं आली, माझा इलाज नाही.

यंत्राचं कौतुक करताना हात आखडता घ्यायला हवा, कारण चुकीची जागा आहे. पंजाबकडे डी नावाचं एक हिमोग्लोबिन सापडतं. अल्कधर्मी द्रावणात, म्हणजे या पट्टीवर आणि जुन्या पट्टीवरही, ते अगदी एसच्या बरोबरीनं चालतं. पट्टा पाहून दोघांत फरक सांगता येत नाही. तिथं ती जुनी, रेघांची, स्वस्त चाचणी कामाला येते, कारण डीमुळं द्रावण गढूळ होत नाही. पहिली चाचणी जे सांगू शकत नाही ते दुसरी सांगते, आणि दुसरी जिथं फसते तिथं पहिली उभी राहते. शिवाय प्रत्येक चिप एकदाच वापरायची, तिला पैसे पडतात. केंद्र सरकारनं १ जुलै २०२३ रोजी शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवलं. सात कोटींना गुणलं की एकेक रुपयाही मोठा होतो, हे मला बी.ए.चं गणितही सांगतं.

आणि तपासणीनंतर? हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या गावात मिळतात का, वेदनेनं तळमळणाऱ्या पोराला रात्री दोन वाजता कोण सलाइन लावतं, ते चिप पाहत नाही.

२०११ साली त्या कॉलेजच्या शिबिरात असं यंत्र असतं, तर काय झालं असतं? मी भाऊंना हे विचारलं होतं. मला वाटलं होतं ते म्हणतील, लग्न झालं असतं. ते म्हणाले, ‘चिठ्ठीवर तेव्हाच ए एस आलं असतं. बावीस दिवस पोरगी रात्री उठून आरशात डोळे बघायची, पिवळे झाले का म्हणून. तेवढं वाचलं असतं. लग्नाचं सांगता येत नाही. ज्यांना मुलाचं रक्त द्यायचंच नव्हतं, त्यांना आठ मिनिटं काय आणि बावीस दिवस काय.’

२०१४ साली दुसरं स्थळ आलं. या वेळी भाऊंनी पहिल्याच बैठकीत, पोहे यायच्या आधी, मुलीचा अहवाल समोर ठेवला आणि मुलाचा मागितला. मी बाजूलाच बसलो होतो. खोलीत एकदम शांतता झाली. मुलाची आई म्हणाली, ‘आमच्याकडे असलं काही नाही.’ मुलगा एका शाळेत शिक्षक होता. तो म्हणाला, ‘आई, आपण कधी बघितलंच नाही.’ आणि दुसऱ्या दिवशी आपण होऊन रक्त देऊन आला.

पुन्हा तेच. नमुना गेला, साचला, वाट पाहणं आलं. दोन्ही घरं गप्प. मग एका दुपारी भाऊंचा फोन आला. ‘शायर, लिहून घ्या,’ म्हणाले, आणि प्रुफं वाचताना एकेक अक्षर सुटं वाचावं तसं वाचलं. ‘ए. ए.’

मी विचारलं, ‘दोन्ही ए?’

‘दोनदा वाचलं,’ ते म्हणाले. ‘खिळा बरोबर आहे.’